काकूंच्या बाजूचं बटण

माझ्या फियाटमध्ये इतक्या वर्षांत कधी रेडिओ नव्हता, आणि त्याचं कारण व्हेरोनिका. तिने नको म्हटलं असं नाही. तिच्या बोलण्यात रेडिओला शिरायला जागाच नव्हती. बाळकुमहून निघालो की कापूरबावडीच्या सिग्नलपर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांचा समाचार, तिथून पुढे आमच्या अ‍ॅनेटचा, आणि हायवेला लागलो की माझ्या गाडी चालवण्याचा. मी मान डोलवायचो. नवऱ्याने मान डोलवली की बायको समजते, याला काही कळलेलं नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगते.

गाडीला डावीकडचा आरसा नाही. त्या काळच्या फियाटला तो नसायचाच. तो आरसा म्हणजे व्हेरोनिका. डावीकडे घ्यायची असली की मी वेग कमी करायचो, ती खिडकीतून मान बाहेर काढून मागे बघायची आणि म्हणायची, "मोकलं हाय, जा." मोकळं नसलं तर काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. इस्टरला फादरना सोडायला निघालो होतो तेव्हाही तिने एका टँकरवाल्याला ते ऐकवलं होतं. फादर मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसले.

पावसाळ्याच्या तोंडावर ती गेली. त्यानंतर गाडी पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा मला कळलं की या गाडीत किती आवाज आहेत. उजव्या दाराची काच खुळखुळते. सीटखाली कुठली तरी स्प्रिंग कुरकुरते. गिअर टाकताना स्टिअरिंगजवळची दांडी खट्‌कन वाजते. एवढी वर्षं हे सगळं तिच्या बोलण्याखाली झाकलेलं होतं. मी कोलशेतच्या कारखान्यात मशिनींमध्ये आयुष्य काढलं, आवाजांना मी घाबरत नाही. पण त्या दिवशी नाक्यावरून गाडी परत फिरवली आणि घरी आलो.

अ‍ॅनेट मेलबर्नला असते. तिने फोनवर विचारलं, "डॅडा, गाडी काढतोस का रे?"

"काढतो," मी म्हणालो.

"खोटं नको बोलू. गाडीत एक चांगला स्टिरिओ बसव. गाणी लाव, फोन आला तर त्याच्यातूनच बोलता येतं. गप्प बसून चालवू नकोस."

लेक आईवर गेली आहे. तिने एकदा सांगितलं की विषय संपतो.

ठाण्यात दोन-तीन दुकानं फिरलो. सगळीकडे तेच. गाडीभोवती फेरी मारायची, सेल्फी काढायचा आणि सांगायचं की डॅशबोर्ड कापून मोठा स्क्रीन बसवू. एकाला मी म्हटलं, "तुझ्या आजोबांचं तोंड कापून टीव्ही बसव आधी." त्याला राग आला. मग कुणीतरी सांगितलं की डोंबिवलीत सुशांत म्हणून एक जण आहे, तो फक्त जुन्या गाड्यांचं काम करतो आणि काही कापत नाही. डोंबिवली आता लांब राहिलेली नाही. माणकोलीचा नवा पूल झाल्यापासून तर चहा गार व्हायच्या आत पोहोचता येतं, म्हणजे मधे कुठे अडकलो नाही तर.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या ख्रिस्ती लोकांत घरातलं माणूस गेलं की बाया वर्षभर काळं नेसतात आणि पुरुष शर्टाच्या खिशाला काळ्या फितीचा एक तुकडा लावतात. चर्चमध्ये वर्षाची मिस्सा झाली की काढायचा. मी तो रोज टाचणीने टाचतो. खरं तर बाळकुममध्ये त्याची गरज नाही. ती गेली त्या सकाळी चर्चची घंटा मयताच्या ठोक्याने वाजली, आणि गावठाणात ज्याला कळायचं त्याला कळलं. मला कुणाला काही सांगावंच लागलं नाही. अ‍ॅनेटलाही माझ्या मेहुण्याने, नेविलने फोन केला. तेव्हापासून माझ्याशी सगळे आवाज उतरवून बोलतात. लॅन्सी माझा लहानपणचा मित्र, पूर्वी रस्त्याच्या पलीकडून शिव्या घालायचा. तोही हल्ली जवळ येऊन, खांद्यावर हात ठेवून, "बरा आहेस ना?" असं विचारतो. त्या हाताचा मला वीट आला आहे.

तर डोंबिवलीला गेलो त्या दिवशी अंगात अ‍ॅनेटने पाठवलेला टी-शर्ट होता. त्याला खिसा नव्हता. खिसा नाही म्हणून फीत नाही. एवढंच झालं.

सुशांतचं दुकान म्हणजे एक लांबट गाळा, भिंतभर स्पीकर आणि दारात एक जुनी जीप. हा तिशी-पस्तिशीचा, बारीक, बोलका. कामाला टेप हाताशी असावी म्हणून काळ्या इन्सुलेशन टेपचे तुकडे स्वतःच्याच शर्टावर चिकटवून ठेवायचा. त्याने गाडी बघून आधी बॉनेटवर हात ठेवला आणि काहीच बोलला नाही. तेव्हाच तो मला आवडला.

त्याने नाव विचारलं. मी कॉस्मास म्हटल्यावर त्याच्या तोंडी काकाचा अंकल झाला.

"काकाच म्हण," मी म्हणालो. "आमचे वाडवडील इथे भात लावत होते तेव्हा तुझी डोंबिवली नकाशात नव्हती."

तो हसला. "बरं काका. गाडीत कोण कोण बसतं? त्याच्यावर स्पीकर ठरतात."

"मी. आणि माझी बायको बसते बाजूला."

तोंडातून गेलं. दुरुस्त करता आलं असतं. पण त्याने लगेच विचारलं, "काकूंना मोठा आवाज चालतो?"

"अजिबात नाही. तिचं डोकं दुखतं."

"मग काकूंना विचारूनच ठरवा. नाहीतर आम्ही एवढं फिटिंग करायचं आणि काकू म्हणणार, बंद करा ते."

"विचारतो," मी म्हणालो.

तो एवढं बोलला आणि कामाला लागला. त्याने आवाज उतरवला नाही की खांद्यावर हात ठेवला नाही. बाहेर आलो तेव्हा मला किती महिन्यांनी भूक लागली होती. समोरच्या गाडीवर मी दोन वडापाव खाल्ले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. या वेळी अंगात खिशाचा शर्ट होता. पूल उतरल्यावर गाडी बाजूला घेतली, फीत काढली आणि पाकिटात ठेवली. परत येताना पुन्हा लावली. चोर जसा चपला हातात घेऊन चालतो तसं वाटलं, पण केलं.

सुशांतने माझ्यापुढे तीन पर्याय मांडले होते. एक, जुन्या रेडिओसारखा दिसणारा, दोन गोल बटणं आणि मधे चकचकीत पट्टी, आत मात्र सगळं नवं. दुसरा, सगळं लपवून डॅशबोर्डच्या झाकणाच्या कप्प्यात बसवायचं, बाहेरून काहीच दिसायला नको. तिसरा, छोटा स्क्रीन, न कापता बसणारा. शहाण्या माणसाने पहिला घेतला असता आणि त्याच दिवशी काम उरकलं असतं.

मी म्हणालो, "बायको म्हणते, कप्प्यात नको. तिथे तिची जपमाळ असते आणि खोबऱ्याच्या वड्या."

"बरोबर आहे काकूंचं," सुशांत म्हणाला. "वड्या हलवायच्या नाहीत."

आणि हे असं सुरू झालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी म्हणालो, स्क्रीन तिला पसंत नाही, म्हणते आधीच हे पुढे बघत नाहीत. सुशांत इतका हसला की जीपखाली झोपलेला माणूस बाहेर आला. मग त्यालाही सांगावं लागलं. पुढच्या वेळी मी दारात पाय ठेवायच्या आतच सुशांत ओरडला, "काका, काकू काय म्हणाल्या?" घरून निघाल्यापासून माझं हेच चालायचं, आज ती काय म्हणाली असेल. फार विचार करावा लागत नसे. वाटेत कशेळीच्या आसपास तिचं वाक्य आपोआप तयार व्हायचं, तिच्याच बोलीत, तिच्याच कुजकटपणासकट. स्पीकरची जाळी काळी हवी की क्रीम, यावर आम्ही दोघांनी तीन वेळा भांडून घेतलं. मी काळी म्हणत होतो. अर्थात तिचंच खरं झालं.

मला वेड लागलेलं नव्हतं. मला सगळं माहीत होतं. बाळकुममध्ये व्हेरोनिका मेली होती आणि डोंबिवलीत जिवंत होती. जोपर्यंत स्टिरिओ ठरत नाही तोपर्यंत ती तिथे जिवंत राहणार होती. एकदा तो बसला की मला त्या दुकानात जायचं काही कारण उरणार नव्हतं. मग मी कशाला ठरवतोय? मी तर आयुष्यभर ठरवत बसलो असतो.

पण चांगल्या माणसांचा एक दोष असतो, ती मदत करायला जातात. एके दिवशी सुशांत म्हणाला, "काका, काकूंना सारखं विचारून तुमची दमछाक होते. मी रविवारी बाळकुमला येतो. छोटी पेटी आणतो, दोन्ही स्पीकर ऐकवतो. काकू समोरासमोर काय ते सांगतील. मला पण त्यांना भेटायचंच आहे एकदा."

दारात उभा सुशांत आणि आत भिंतीवर हार घातलेला फोटो, हे डोळ्यांपुढे दिसलं.

"नको," मी म्हणालो. "ठरलं. काल रात्रीच ठरलं. पहिला बसव, दोन बटणांचा. जाळी क्रीम."

"काकूंना पसंत?"

"तिलाच पसंत."

मंगळवारी गाडी घेऊन या म्हणाला. त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठून शर्ट घातला, फीत टाचली, गाडी काढली. सगळ्या वाटेने एकच घोळत होतं, आज शेवटचं. पूल आला, पूल गेला. गाडी बाजूला घ्यायची राहून गेली.

दुकानात उतरलो. सुशांतने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे माझ्या खिशावर थांबले.

"काय काका," तो हसत म्हणाला, "तुम्ही पण आमच्या लायनीत आलात की." आणि त्याने स्वतःच्या शर्टावरचे टेपचे तुकडे दाखवले. "घरी वायरिंग करून बघितलंत वाटतं? चिकटलीय बघा खिशाला." त्याने हात पुढे करून फितीचं टोक ओढलं. टाचणी होती, निघाली नाही.

त्याचा काय दोष? त्याच्या घरी ही रीत नाही. त्याला काळं दिसलं आणि तो दिवसभर जे हाताळतो तेच त्याला वाटलं. सांगायची हीच वेळ होती. एक वाक्य फक्त.

"हो, टेपच आहे," मी म्हणालो. पाठ फिरवली, टाचणी काढली, फीत मुठीत घेतली आणि खिशात कोंबली. बायबलात पेत्राने ख्रिस्ताला ओळखत नाही म्हणत नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता. डोंबिवलीत कोंबडा कुठला, शेजारच्या गॅरेजचा कंप्रेसर सुरू झाला.

दुपारभर काम चाललं. मी स्टुलावर बसून होतो. शेवटी सुशांतने मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि स्वतः डावीकडे बसला. पुढची सीट सलग आहे, बाकड्यासारखी. इतक्या वर्षांत तिच्यावर दोन खळगे पडले आहेत, माझा मोठा, तिचा लहान. त्या लहान खळग्यात दुसरं कुणी बसलेलं मला सहन होईना. पण त्याला काय सांगणार?

"आता आवाज कुणासाठी बसवू?" त्याने विचारलं. "यात तीन प्रकार येतात. फक्त ड्रायव्हर, पुढचे दोघे, नाहीतर सगळी गाडी. फक्त ड्रायव्हर ठेवला तर तुम्हाला एकदम समोर कुणी गातंय असं वाटेल. दोघांचा ठेवला तर तुमचं थोडं कमी होतं."

"दोघांचा," मी म्हणालो.

"मला माहीत होतं." मग तो वाकला आणि डाव्या दाराच्या खिशात हात घातला. "आणि हे माझ्याकडून. काकूंना सांगा, सुशांतने दिलंय."

दाराच्या आत, खालच्या बाजूला, एक छोटं गोल बटण होतं. क्रीम रंगाचं.

"काकूंच्या बाजूचा स्पीकर याच्यावर. डोकं दुखायला लागलं की त्यांनी स्वतःच कमी करायचा. तुम्हाला सांगायला नको, भांडायला नको. तुमचा हातच पोचत नाही तिथे, मुद्दाम तसं केलंय." स्वतःवर खूश होऊन तो हसत होता. "पुढच्या वेळी त्यांना घेऊन या."

"आणतो," मी म्हणालो. आणि निघालो.

गाणं लागलं होतं. कुठलं ते मला सांगता येणार नाही. आवाज चांगला होता, खुळखुळ नाही, कुरकुर नाही. पण तपासताना सुशांतने तिच्या बाजूचं बटण पूर्ण फिरवून ठेवलं होतं. डावीकडून नुसता गजर चालला होता. रिकाम्या जागेवर कुणीतरी ओरडून गात होतं आणि माझ्या बाजूला त्याचं उरलंसुरलं येत होतं. मी माझं बटण कमी केलं तर माझं गाणं गेलं, तिचं तसंच. डावा हात लांबवला, पोचेना. मागून ट्रक हॉर्न द्यायला लागला.

पूल उतरून डावीकडे मोकळी जागा दिसली. मी सवयीने वेग कमी केला आणि थांबलो. काय म्हणते ते ऐकायला थांबलो. त्या गोंगाटात मी तिच्या "मोकलं हाय, जा"ची वाट बघत होतो. ट्रकवाला शिवी देऊन उजवीकडून गेला. मग मी मान वाकडी करून, अंदाजाने गाडी कडेला घेतली.

सीटवरून घसरत डावीकडे गेलो. तिच्या खळग्यात बसलो. खरं सांगायचं तर या जागेवर मी कधीच बसलो नव्हतो. गाडी माझी, मीच चालवणार, असा माझा खाक्या. खिडकीतून उसाच्या रसाचं गुऱ्हाळ दिसत होतं, एक कुत्रं, एक बाई दोन हंडे घेऊन चाललेली. हे ती बघायची आणि मला सांगायची. मला वाटायचं ती बाहेरच बघत असते.

मी खाली वाकलो, तिचं बटण फिरवलं. गाणं हळू झालं. मान वळवली तर उजवीकडे स्टिअरिंग आणि माझा मोठा खळगा, रिकामा. ती इथे बसायची तेव्हा तिला तिथे मी दिसायचो. एवढी वर्षं, दर वळणाला. आता तिच्या जागेवर मी होतो आणि माझ्या जागेवर कुणी नव्हतं. मला इतकं एकटं वाटलं की मी दाराची कडी घट्ट धरून ठेवली.

तेवढ्यात गाणं थांबलं आणि गाडीभर घंटी वाजायला लागली. फोन होता. मी बटण दाबलं आणि सुशांतचा आवाज दोन्ही बाजूंनी आला, जसा काही तो मागच्या सीटवरच बसला होता.

"पोचलात का काका? ऐकवलं का काकूंना? काय म्हणाल्या?"

मी तोंड उघडलं. तिचं वाक्य येईना. एरवी कशेळीला यायचं, आज कुठूनच येईना.

"सुशांत," मी म्हणालो, "काकू नाही."

"हॅलो? काका, आवाज बारीक येतोय. माईक स्टिअरिंगजवळ लावलाय मी, तुम्ही लांब आहात का त्याच्यापासून? जरा मोठ्याने बोला."

मी लांबच होतो. मी तिच्या जागेवर होतो. आजवर हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. घंटेने सांगितलं होतं, नेविलने सांगितलं होतं, फितीने सांगितलं होतं. माझ्या तोंडून ते शब्द एकदाही निघाले नव्हते.

"व्हेरोनिका गेली," मी ओरडलो. "वारली ती! मे महिन्यात वारली!"

रसवाल्याने चरक थांबवून माझ्याकडे बघितलं. मी खिशातली फीत काढली, चुरगळली होती. मांडीवर ठेवून अंगठ्याने सरळ करत बसलो.

"काका," सुशांत म्हणाला. त्याने आवाज उतरवला होता, आता तोही. "गाडी बाजूला घेतलीय ना?"

"घेतलीय," मी म्हणालो.